मदत हवी आहे : स्कीइंग करताना सर्वांसमोर पडल्याची धास्ती कशी घालवावी?

नमस्कार. माझ्या भाचीने यंदा गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम केला. ड्रॅग लिफ्टने (पायात स्की असतानाच बर्फावरून ओढत वर नेणारी लिफ्ट) वर जाताना तिच्या एका स्कीचे टोक कडेच्या बर्फात रुतले, ती आडवी झाली, मागचे दोघे तिच्यावर आदळले आणि लिफ्ट थांबवावी लागली. इजा कोणालाच झाली नाही. मात्र रांगेतल्या लोकांचे हसणे तिच्या मनाला फार लागले असून पुढच्या अभ्यासक्रमाला जायला ती तयार नाही.

मी तिला ऑस्ट्रियाचा स्कीपटू हर्मन मायर याचे उदाहरण दिले. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये डाउनहिल शर्यतीत तो हवेत फेकला जाऊन कुंपणाच्या जाळ्यांपलीकडे पडला आणि तीनच दिवसांनी त्याने सुपर-जी या दुसऱ्या स्की-शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. "तो विजेता होता, मी शिकाऊ आहे," हे तिचे उत्तर मला रास्तच वाटते. म्हणून शिकाऊ असताना चारचौघांत पडल्याचे आपले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत. ते तिला वाचून दाखवायचे आहेत.

आणखी एक. दोन्ही स्की उताराच्या खालच्या बाजूला आडव्या आणून उठायचे, हे तिला शिकवले आहे. पण ताज्या, भुसभुशीत बर्फात हात कोपरापर्यंत आत जातो, तिथे आधार कशाचा घ्यावा? तसेच भाड्याच्या स्कीचे बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सुटणारी पकड) तिच्या वजनाप्रमाणे आणि कौशल्याप्रमाणे लावले आहे की नाही, हे दुकानातच कसे तपासावे? लाज आज ना उद्या जाईल, मला तिच्या गुडघ्यांची काळजी अधिक आहे.