डोळे कोरडे, तरी पाणी का येते?

प्रश्न: माझ्या ५८ वर्षांच्या आईच्या डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखे खुपते आणि पंख्याखाली बसले की पाणी गालावर ओघळते. डॉक्टर मात्र डोळे कोरडे आहेत म्हणतात, ते कसे?

उत्तर १: अश्रूंवर पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणाऱ्या तेलाचा पातळ थर असतो, त्या ग्रंथी तुंबल्या की अश्रू लवकर उडून जातात, डोळा चुरचुरतो आणि त्यामुळे एकदम सुटलेले पाणी डोळ्यात टिकत नाही. रंगद्रव्य घालून पाहिल्यावर अश्रूंचा थर १० सेकंदांच्या आत फाटला, तर दोष बहुधा येथेच असतो.

उत्तर २: खालच्या पापणीत अडकवलेली कागदी पट्टी माझ्या बाबतीत ५ मिनिटांत जेमतेम ४ मिलिमीटर भिजली होती, म्हणजे अश्रूच कमी होते. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब लागत असल्याने मला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब दिले. सायक्लोस्पोरिन या दाह कमी करणाऱ्या औषधी थेंबांचा गुण यायला मात्र काही महिने लागले, म्हणून कृपया मध्येच सोडू नका. तेल तुंबले असल्यास सोसवेल इतक्या गरम रुमालाचा शेक रोज द्यावा.

उत्तर ३: आईंचे तोंडही कोरडे पडते का, सांधे दुखतात का, हे अवश्य विचारा, तसे असल्यास शोग्रेन आजारासाठी (यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते) रक्ततपासणी करून घ्यावी.