फर्ग्युसन, टेकडी आणि कुणीतरी दिलेला सल्ला (अनुभव धागा)

परवा लेकीला घेऊन फर्ग्युसनला गेलो, २५ वर्षांनी. ती मेन बिल्डिंगचे फोटो काढत होती आणि मी आपला सांगत सुटलो की अँफिथिएटरमध्ये त्या वर-वर चढत गेलेल्या बाकांवर सगळ्यात मागे बसलं की झोपलेलं कळत नाही असं आम्हाला वाटायचं, प्रत्यक्षात खाली उभ्या असलेल्या सरांना सगळ्यात आधी आम्हीच दिसायचो. ती म्हणाली, बाबा ते राहू दे, तुला करिअरचं कोणी सांगितलं? मला उत्तरच सुचेना. म्हणून हा धागा. लेक्चरं, हॉस्टेल, मेस, काहीही लिहा, पण सल्ला कोणी दिला आणि तुम्ही तो ऐकलात का तेही लिहा. एल्फिन्स्टन, विल्सन, राजारामवाल्यांनीही या, इंग्रजांच्या काळातली सगळी कॉलेजं चालतील.

*

मी जिऑलॉजीवाला. आवड वगैरे काही नाही, दुसरीकडे मार्क पुरले नाहीत. काका म्हणाले, आता काय खडी फोडणार का? पहिलं वर्ष असंच गेलं. मग एकदा सर आम्हाला मागच्या टेकडीवर घेऊन गेले. रोज संध्याकाळी जिथे भेळ खात बसायचो तीच हनुमान टेकडी, पण त्या दिवशी सरांनी हातोडीने एक दगड फोडला आणि म्हणाले हा लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, ही भोकं दिसतायत ना ते त्यातले वायूचे बुडबुडे. काही भोकांत पांढरे स्फटिक होते, त्याला जिओलाइट म्हणतात हे तेव्हा कळलं. उतरताना सर सहज बोलून गेले की अख्ख्या महाराष्ट्राच्या पाण्याचं गणित या दगडात आहे, ज्याला हा समजला तो उपाशी मरणार नाही. बस, एवढाच सल्ला. आज भूजलाचं काम करतो. शेतकरी विचारतो, साहेब चारशे फूट बोअर मारली तरी कोरडी कशी? तेव्हा मी तेच सांगतो, काळ्या पाषाणाच्या पोटात पाणी नसतं, ते वरच्या मुरुमात आणि भेगांत असतं, भेग लागली तर लागली नाहीतर पैसे पाण्यात, म्हणजे पाण्यात पण नाही. काका दोन वर्षांपूर्वी विहिरीची जागा दाखवायला घेऊन गेले.

*

हॉस्टेलवाला, यवतमाळकडचा. मराठी मीडियम, त्यामुळे पहिले दोन महिने हजेरीला "येस सर" सोडून तोंड उघडलं नाही. आमच्याकडे बाहेरचं कोणी आलं की पहिला प्रश्न, सावरकरांची खोली कुठंय? १७ नंबर. ती दाखवता दाखवता माझं बोलणं सुटलं. १९०५ ची विदेशी कपड्यांची होळी, मग कॉलेजने केलेला १० रुपये दंड, हॉस्टेलमधून काढणं, आणि तेव्हा प्रिन्सिपॉल कोण तर रँग्लर परांजपे, सगळं पाठ. एकदा एका कुटुंबाला इंग्रजीत सांगावं लागलं, चुकत चुकत सांगितलं, कोणी हसलं नाही. आता ट्रेनिंगचंच काम करतो. सल्ला कोणी दिला नाही ब्वा, खोलीनेच दिला म्हणा.

*

आमच्या मॅडमनी टीवायला (शेवटच्या वर्षाला) असताना आगरकरांचं आईला लिहिलेलं पत्र सांगितलं होतं, मुलगा एवढा शिकला म्हणून मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, पोटापुरतं मिळवेन आणि बाकी वेळ लोकांसाठी घालवेन अशा अर्थाचं. हेच आगरकर पुढे इथे प्रिन्सिपॉल झाले. आणि गोखल्यांसारखी माणसं ७५ रुपये महिन्यावर शिकवायची. वर्गात चिडीचूप. त्याच आठवड्यात इंटरव्ह्यू होते आमचे! रात्री भारावून पप्पांना फोन केला, सगळं सांगितलं. पप्पा शांतपणे म्हणाले, छान आहे, पण त्यांच्या आईला विचारलं होतं का कोणी? मी इंटरव्ह्यू दिला. बँकेत आहे. पत्र अजून डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळी.

*

विल्सन, गिरगाव चौपाटीसमोर. समोर समुद्र असताना इकॉनॉमिक्स कोण ऐकणार सांगा. सल्ला प्यूनकाकांनी दिला, "पावसाळ्यात तरी वर्गात बसत जा, नाहीतरी भिजणारच." बसलो. पास झालो.

*

धागाकर्ता: लेकीला जिऑलॉजीवाल्यांचं वाचून दाखवलं. विचारतेय, हातोडी कॉलेज देतं की आपली न्यायची?

*

आमच्या वेळी आपलीच. आणि बूट जुने घालायला सांगा.