मदत हवी आहे: भागाकाराने रोध 35 ओहम येतो, मीटर 4 दाखवतो. मोटार गेली का?

धायरीची_मेघना
व्होल्टेज 228, करंट 6.4 अँपिअर. भागाकार केला की 35.6 ओहम येतात, पण मल्टिमीटर 4.1 दाखवतो. गुणाकार केला तर 1459 वॅट, आणि पाटीवर 1 एचपी म्हणजे 746. दुप्पट कसे? इलेक्ट्रिशियन म्हणतोय वाइंडिंग गेलंय, भरायला टाका. उद्या सकाळी न्यायला येतोय. कृपया आजच सांगा.

नववीची_शिकवणी
रोध = विभवांतर भागिले विद्युतधारा. शक्ती = विभवांतर गुणिले विद्युतधारा. तुमची दोन्ही गणितं बरोबर आहेत. मीटरचा सेल बदलून पुन्हा मोजा.

वाइंडर_भोसरी
सेलचा काही संबंध नाही. ताई, मोटार कसली? सिंगल फेज का थ्री फेज? 4.1 कुठल्या दोन वायरींमध्ये आले? 6.4 चालू असताना घेतले का?

धायरीची_मेघना
पाण्याचीच मोटार, खालच्या टाकीतून वर चढवते. मोनोब्लॉक, सिंगल फेज. करंट चालू असताना, क्लॅम्प मीटरने. ओहम बंद करून, कपॅसिटर सोडवून, रनिंगच्या दोन वायरींना. पण 228 भागिले 4.1 म्हणजे 55 अँपिअर होतात! मग शॉर्ट नाही का?

वाइंडर_भोसरी
नाही. मीटर आतल्या सेलवर, म्हणजे डीसीवर मोजतो. त्याला फक्त तांब्याच्या तारेचा रोध दिसतो. एसीवर गुंडाळी स्वतःच करंटला अडवते, शिवाय फिरणारा रोटर उलट व्होल्टेज तयार करतो. तुमचे 35.6 ओहम म्हणजे या सगळ्याचा मिळून अडथळा, त्याला इम्पिडन्स म्हणतात. एवढ्या मोटारीला रनिंगचे 4 ओहम भरणं अगदी नॉर्मल. वेढे शॉर्ट असते तर करंट वाढला असता आणि बॉडी इतकी तापली असती की हात लावता आला नसता.

नववीची_शिकवणी
म्हणजे ओहमचा नियम चुकीचा? पाठ्यपुस्तकात असं कुठे आहे?

गिझर_सिंहगडरोड
माझ्या 2000 वॅटच्या गिझरची कॉइल मोजली, 26.5 ओहम. 230 चा वर्ग भागिले 2000, तेवढेच येतात. त्यामुळे शिकवणीवाले बरोबर. सकाळी व्होल्टेज 207 वर येतो तेव्हा तोच गिझर 1620 वॅटचाच उरतो. स्टॅबिलायझर लावावा का?

वाइंडर_भोसरी
गिझरची कॉइल निव्वळ रोध आहे, म्हणून जुळलं. साधा 100 वॅटचा पिवळा बल्ब घ्या. गणिताने 529 ओहम, थंड मोजला तर 40 च्या आसपास. तार तापली की रोध वाढतो. नियम बरोबरच आहे सर, पण आकडे ज्या अवस्थेतले घेतले त्या अवस्थेलाच लागू. गिझरला स्टॅबिलायझर नको, पाणी जरा उशिरा तापेल एवढंच.

हिशेबी_कर्वेनगर
आणि 1459 हे वॅट नाहीत मेघनाताई, व्होल्ट-अँपिअर आहेत. मोटारीत करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून खरे वॅट कमी. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त मोटार चालू ठेवा आणि विजेच्या मीटरवरचा लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. शेजारी 3200 इम्प असं काही छापलेलं असेल, म्हणजे तेवढ्या लुकलुकींना एक युनिट.

धायरीची_मेघना
3200 च आहे. मिनिटाला 61.

हिशेबी_कर्वेनगर
61 गुणिले 60 भागिले 3200, म्हणजे 1.14 किलोवॅट. 1144 ला 1459 ने भागा, पॉवर फॅक्टर 0.78. पाटीवरचे 746 हे शाफ्टवर मिळायचे, आत जाणारे नव्हेत. बाकीचे उष्णतेत आणि घर्षणात जातात. छोट्या मोटारीला हे ठीक आहे.

सोलार_बाणेर
एवढ्या भानगडी कशाला, छतावर सोलार पंप बसवा. आमच्याकडे बसवल्यापासून बिलाची चिंता नाही.

वाइंडर_भोसरी
सोलारचं इथे कोणी विचारलेलं नाही. ताई, मोटार चालतेय, आकडे ठीक, मग इलेक्ट्रिशियनला बोलावलंत कशासाठी?

धायरीची_मेघना
बटण दाबलं की कधीकधी एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. पुन्हा वर केला की तासभर नीट चालते. आधी किटकॅट फ्यूज होता, एमसीबी त्यानेच नवीन बसवला.

वाइंडर_भोसरी
हे पहिल्याच ओळीत हवं होतं! एमसीबीवर आकड्याच्या आधी कुठलं अक्षर आहे?

धायरीची_मेघना
बी 10.

वाइंडर_भोसरी
मग तिथेच गोम आहे. रोटर थांबलेला असताना उलट व्होल्टेज नसतो, त्यामुळे सुरू होताना मोटार क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे 32 ते 38 अँपिअर. बी प्रकार 3 ते 5 पटीला, म्हणजे 30 ते 50 मध्ये कुठेही झटक्यात पडतो. म्हणून कधी पडतो, कधी नाही. सी प्रकार 5 ते 10 पटीला पडतो. सी 10 लावा. त्याआधी मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग ते बॉडी तपासून घ्या, आणि कपॅसिटरही मोजा. तो उतरला असेल तर मोटार गुणगुणते, उचल घ्यायला वेळ लावते, आणि तो मोठा करंट लांबतो.

गिझर_सिंहगडरोड
सरळ 32 चा टाका, पुन्हा पडणार नाही.

वाइंडर_भोसरी
अजिबात नको. एमसीबी वायरीला वाचवतो. मोटार अडकली तर 32 चा लवकर पडणार नाही आणि आधी वायर जळेल. ताई, वायर किती स्क्वेअरची?

धायरीची_मेघना
2.5 ची. इलेक्ट्रिशियनला फोन केला, मोटार न्यायची नाही, मेगर घेऊन या म्हटलं. सी 10 आणि कपॅसिटर तापकीर गल्लीतून उद्या आणते. कपॅसिटरवर 25 लिहिलंय, मीटर 23.6 दाखवतोय. चालेल ना?

वाइंडर_भोसरी
चालेल. 5-6 टक्क्यांचा फरक असतोच. नवा आणू नका.