संघात तुम्ही एकटेच वेगळे होतात का? तुमचे अनुभव लिहा

जुनी गोलकीपर
लेकीबरोबर मोरोक्कोच्या नुहैला बेंझिनाची क्लिप बघत होते, २०२३ च्या महिला विश्वचषकातली. हिजाब घालून त्या स्पर्धेत खेळलेली ती पहिलीच. बघता बघता घसा दाटून आला. आमच्या आंतरशालेय सामन्यात पंचांनी माझ्या स्कार्फकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "हे काढ, नाहीतर बाहेर बस." बाहेर बसले. मैत्रिणींची घड्याळं, क्लिपा सगळं माझ्या ओंजळीत, आणि गोलात उभी राहिली ती आमची बचावपटू. अडचण पिनेची होती, ती टोचू शकते, हे नंतर कळलं. अम्मीने बनियनच्या कापडाची, मागे इलॅस्टिक लावलेली टोपी शिवून दिली. तोवर निवड चाचणी होऊन गेली होती. डोकं झाकून खेळायची परवानगी फिफाच्या नियमात आली २०१४ साली. तुमचंही लिहा ना.

पटकेवाला
बास्केटबॉल. दर सामन्याआधी सर पंचांना बाजूला घेऊन माझ्या पटक्याबद्दल समजावायचे आणि मी बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत बसायचो. २०१४ मध्ये वुहानला आशिया कपमध्ये भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंगला पगडी काढायला लावली, तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, नियम बदलला तो २०१७ मध्ये.

तिसरा टप्पा
रोजे आणि क्रीडादिन एकदमच आले. रिले दुपारी एकला. मी काहीच बोलले नव्हते, पण सकाळी फळ्यावर बघते तर रिले पहिलीच! बाईंनी कुणाला न सांगता वेळापत्रक फिरवलं होतं. मुली माझ्यासमोर पाणी लपवून प्यायच्या, शेवटी मीच म्हटलं, अगं प्या की! दुसऱ्या आलो. बॅटन माझ्याच हातून थोडं सुटलं होतं, ते आजही डोक्यात आहे.

घाईत
@जुनी गोलकीपर त्या टोपीचं माप द्याल का? भाचीला हवीय

जुनी गोलकीपर
डोक्याचा घेर मोजा, कापड दोन बोटं कमी घ्या. ताणणारंच कापड हवं. शिवण बाहेरून घ्या, कपाळाला काचत नाही.

घाईत
🙏🙏

नवी भाषा
धर्माचं नाही, भाषेचं लिहिते, चालेल ना? मैदानावर भाषा लागत नाही म्हणतात. लागते. "मागची धर!" ओरडले की मी मागे वळून बघायचे आणि समोरची निघून जायची. कर्णधार मुलीने सुट्टीत दहा शब्द वहीत लिहून दिले, शेजारी बाण काढून. वही अजून आहे.

निवृत्त पीटी
मी दुसऱ्या बाजूचा. सराव रविवारी सकाळी ठेवायचो. एक ख्रिस्ती मुलगा सलग तीन रविवार आला नाही, मी लाल पेनाने नाव खोडलं आणि पुढे 'शिस्त नाही' लिहिलं. चर्च असतं हे मला माहीत होतं. विचारलं मात्र नाही. तोही काही बोलला नाही, फक्त बूट परत करायला आला, स्वच्छ पुसून. शनिवारी सराव ठेवता आला असता. मैदान रिकामंच असायचं.

तिसरा टप्पा
सर, लिहिलंत ते बरं केलंत. तो भेटला तर त्यालाही सांगा हे.

पटकेवाला
+१. त्या बुटांचं वाचून थांबलो जरा.

जुनी गोलकीपर
आत्ताच आले. लेकीची चाचणी शनिवारी आहे, तिच्या सरांना आजच फोन करून टोपीचं विचारून घेतलं. "पिन नको, बाकी काही अडचण नाही," म्हणाले. मशीन काढलंय. बाकीच्यांनी लिहा, रात्री वाचते.