दर कमी करा म्हणाले तर काय करायचं? चर्चा

रेघरेघोट्या (पुणे)
दिवाळी अंकांची कामं सुरू झाली की घासाघीस पण सुरू होते म्हणून हा विषय काढतेय. समजा मुखपृष्ठाचे १२ हजार आणि आतल्या आठ चित्रांचे प्रत्येकी अडीच हजार असे ३२ सांगितले, तर संपादकाकडून ठरलेलं वाक्य येतं, "वीसमध्ये बसवा ना, दरवर्षीचं काम आहे." माझं मत स्पष्ट आहे, पैसे कमी तर काम कमी. वीसमध्ये मुखपृष्ठ आणि तीन चित्रं बसतात, ती देते. पण आठच्या आठ चित्रं वीसमध्ये करून दिली की त्याला वाटणार ३२ हा आकडा फुगवलेलाच होता, आणि पुढच्या वर्षी बोलणी विसापासून सुरू होऊन पंधरावर येणार. नवीन मुलं हे करतात आणि सगळ्यांचाच भाव पाडतात, याचा मला खरंच त्रास होतो.

ब्रशवाला_कोल्हापूर
ताई, पुण्यात बसून हे बोलणं सोपं आहे. इकडं फ्लेक्सवाला डिझाइनचे वेगळे पैसेच घेत नाही, छपाईतच धरतो, त्यामुळं डिझाइनला पैसे पडतात हेच लोकांना पटत नाही. मी लग्नपत्रिका करतो, मंडळांची कामं करतो, आणि दर कमी करूनच आत शिरलो. एका पत्रिकेवरनं त्याच भावकीतल्या पुढच्या दोन पत्रिका येतात. मी चित्रं कमी करतो म्हटलं असतं तर तो सरळ शेजारच्या दुकानात गेला असता. भाव पाडतो म्हणू नका, घर चालवतोय.

रेघरेघोट्या (पुणे)
राग तुमच्यावर नाही दादा. पण त्या पुढच्या दोन पत्रिकांचा दर किती मिळाला? जुनाच ना?

छापखाना
मी पलीकडच्या बाजूचा, छोटा अंक काढतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आम्ही घासाघीस करतो ती माज म्हणून नाही. अंक जाहिरातींवर चालतो आणि जाहिरातीचे पैसे दिवाळी होऊन गेल्यावर येतात, कधी कधी तर मार्च उजाडतो, पण कागदवाला आणि प्रेस आधी मागतात, विक्रेत्याचं कमिशन वेगळंच. मग ज्याला थांबवता येतं त्याला थांबवतो, आणि तो बहुतेक वेळा चित्रकार असतो, हे चूक आहे, मान्य. पण "पैसे कमी तर चित्रं कमी" हे मला पटत नाही. कथेला चित्र नसेल तर पान उघडं दिसतं, वाचकालाही जाणवतं. त्यापेक्षा मला विचारा की कमी करते, बदल्यात काय देता? मुखपृष्ठ आणि आठही चित्रांचे मिळून २५ ठरवा, अर्धे काम ठरेल त्या दिवशीच घ्या, उरलेले फायनल फाइल देताना. शिवाय कथा वेळेत देतो, शेवटच्या आठवड्यात रात्री जागवत नाही. पैसे ताबडतोब मिळण्यालाही किंमत असते की नाही?

ताळेबंद
छापखाना यांचा मुद्दा बरोबर, फक्त ते लेखी घ्या. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून ठेवा, फुकट आहे. मग २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. क्लायंटने मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंटंटच त्याच्या मागे लागतो. अजून एक, टीडीएस (क्लायंट बिलातून आधीच कापून भरतो तो इन्कम टॅक्स) कापला म्हणून दर कमी झाला असं समजू नका, रिटर्न भरलं की तो हिशेबात येतो.

रेघरेघोट्या (पुणे)
अ‍ॅडव्हान्सच्या बदल्यात कमी करणं मला चालेल, कारण त्यात हातात काहीतरी पडतं. फुकटात उतरायचं नाही एवढंच म्हणणं. वापराचंही लिहून घ्या, चित्र फक्त अंकापुरतं, की कॅलेंडरवर आणि बाकी सगळीकडेही? हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायदा पाच वर्षं धरतो. पण फोटो किंवा पेंटिंग पैसे देऊन करून घेतलेलं असेल आणि करारच नसेल, तर पहिला हक्क क्लायंटचा, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

ब्रशवाला_कोल्हापूर
कायदा ठीक आहे, पण नोटीस पाठवली की त्या गल्लीतलं काम कायमचं बंद, आमच्याकडं सगळे एकमेकांना ओळखतात. मी दर कमी करणारच. फक्त तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो, हो, जुनाच दर मिळाला. आता बिलात आधी पूर्ण दर लिहीन, त्याखाली 'पहिल्या कामापुरती सूट' म्हणून वजा करीन. पुढच्या भावकीवाल्याला तेच बिल दाखवता येईल.

छापखाना
हे करा. सूट लिहिलेली असली की पुढच्या वेळी आम्हालाही जुन्या दरावर अडून बसता येत नाही.