'जुनाट वेदना', 'धसका' आणि 'चाळवणे'

प्रश्न : अपघातानंतर ज्यांचं अंग कायम दुखतं आणि ज्यांना पीटीएसडीही (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मनाचा विकार) आहे, त्यांच्यासाठी एक माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. 'क्रॉनिक पेन'ला 'जुनाट वेदना' चालेल का? पीटीएसडीला 'आघातोत्तर ताणविकार' हा शब्द बरोबर असला तरी वाचणाऱ्याला तो आपला वाटेल का, शंका आहे. 'फ्लॅशबॅक'वर, म्हणजे तो प्रसंग आत्ता पुन्हा घडतोय असं वाटण्यावर, तर अडूनच बसले आहे.

प्रतिसाद १ : 'जुनाट' म्हटलं की वर्षानुवर्षांचं डोळ्यांसमोर येतं. वैद्यकात तीन महिन्यांहून जास्त टिकलेली वेदनाही यात मोडते. मथळ्यात 'दीर्घकालीन वेदना' घ्या, आत सरळ 'दुखणं' लिहा. आणि ठणका, कळ, सणक, आग, मुंग्या हे शब्द आवर्जून द्या. आग, मुंग्या किंवा विजेसारखी सणक सांगितली, तर डॉक्टरांना नसांच्या दुखण्याचा अंदाज येतो. नुसत्या 'खूप दुखतं'मधून तो येत नाही.

प्रतिसाद २ : पीटीएसडी हे नाव 1980 मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आलं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या अशा त्रासाला 'शेल शॉक' म्हणत. पूर्ण मराठी नाव एकदा लिहून पुढे 'पीटीएसडी'च ठेवा. 'धसका' समजावताना जरूर वापरा, पण नाव म्हणून नको. धसक्यात भीती आणि दचकणं येतं. त्या रस्त्याने जाणंच टाळणं, मन बधिर होणं, माणसांतून उठून जावंसं वाटणं हे त्यात मावत नाही.

'फ्लॅशबॅक'ला 'आठवण' मुळीच नको. आठवण आपण काढतो, हा प्रसंग अंगावर येतो. मागे करकचून ब्रेक लागल्याचा आवाज होतो, मान आखडते, खांदे वर जातात, छाती धडधडते. आखडलेली मान मग रात्रभर ठणकते आणि त्या ठणक्याने अपघात पुन्हा समोर उभा राहतो. दोन्ही दुखणी अशी एकमेकांना जागं ठेवतात. पत्रकात दुसरं काही नसलं तरी चालेल, एवढं हवंच.

आणखी एक कळकळीची विनंती. 'दुखणं मानसिक आहे' हे वाक्य कुठेही येऊ देऊ नका. बोलण्यात त्याचा अर्थ 'खरं नाही' असाच घेतला जातो आणि आधीच थकलेला माणूस सांगायचंच सोडून देतो. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने 2020 मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून होणारा अनुभव मानला आहे. 'मनावरच्या ताणाने दुखणं वाढतं' असं लिहा. ते खरंही आहे आणि कुणाला खोटंही पाडत नाही.

प्रश्नकर्ती : 'अंगावर येणे' घेतलं. आता 'ट्रिगर'?

प्रतिसाद १ : नाम हवं तर 'निमित्त'. क्रियापद हवं तर 'चाळवणे'. झोप चाळवते, भीती चाळवते, दुखणंही चाळवतं. 'कोणत्या गोष्टींनी तुमचा त्रास चाळवतो?' असा प्रश्न विचारा आणि खाली उत्तरासाठी भरपूर जागा सोडा.