ओपनएसएसएल अपग्रेडनंतर जुने बॅकअप उघडत नाहीत, 'बॅड डिक्रिप्ट'

प्रश्न:
उबंटू १६.०४ वरचा मायएसक्यूएल सर्व्हर २२.०४ वर हलवला, म्हणजे ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनचं टूल) १.०.२ वरून थेट ३.०. बॅकअप स्क्रिप्ट तीच: मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसची प्रत काढतं), त्याचा आउटपुट पाइपने जीझिपला (फाइल दाबून लहान करतं), पुढे ओपनएसएसएल ईएनसी (एन्क्रिप्ट करतं), सायफर म्हणजे एन्क्रिप्शनची पद्धत एईएस-२५६-सीबीसी. आता जुन्या फाइल उघडताना 'बॅड डिक्रिप्ट' येतं. पासवर्ड तोच, चेकसमही जुळतो, म्हणजे फाइल बदललेली नाही. शिवाय रात्रीचा जॉब 'डेप्रिकेटेड की डेरिव्हेशन यूज्ड' (किल्ली बनवायची कालबाह्य पद्धत वापरली) म्हणत फेल दाखवतो, फाइल मात्र तयार असते. जुना डेटा गेला का?

उत्तर १:
नाही, डेटा शाबूत आहे. पासवर्ड आणि सॉल्ट (प्रत्येक फाइलसाठी वेगळे, कसेही निवडलेले बाइट) यांच्या हॅशमधून, म्हणजे त्यांच्यापासून काढलेल्या ठरावीक लांबीच्या गणिती ठशातून, किल्ली बनते. हा हॅश १.०.२ पर्यंत एमडी५ होता, २०१६ च्या १.१.० पासून एसएचए-२५६ झाला. पासवर्ड तोच राहिला तरी किल्ली बदलली. फाइलच्या सुरुवातीला ८ बाइटची 'सॉल्टेड' अशी खूण आणि ८ बाइट सॉल्ट, एवढंच असतं. सायफर आणि हॅश कोणता, याची नोंद कुठेच नसते. डिक्रिप्ट करताना '-एमडी एमडी५' द्या, उघडेल.
एक धोका लक्षात ठेवा. चुकीच्या किल्लीनेही साधारण २५६ मध्ये एकदा पॅडिंग (शेवटचा ब्लॉक भरायला जोडलेले बाइट) योगायोगाने जुळतं आणि एरर न येता कचरा बाहेर पडतो. म्हणून निघालेल्या फाइलवर 'जीझिप -टी' (फाइल अखंड आहे का ते तपासतं) चालवल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

उत्तर २:
रात्रीचा मेसेज ही फक्त वॉर्निंग आहे. स्क्रिप्ट एररचा आउटपुट रिकामा आहे का एवढंच बघत असणार. तो डेव्ह-नलमध्ये (जिथे टाकलेलं सगळं नाहीसं होतं) ढकलू नका, खरी एररही त्यातच गडप होईल. '-पीबीकेडीएफ२ -आयटर २०००००' (किल्ली बनवायची नवी पद्धत आणि तिच्या फेऱ्यांचा आकडा) जोडा, वॉर्निंग थांबेल. रिस्टोअरलाही हाच आकडा लागतो, नाही दिला तर १०००० धरला जातो. त्यामुळे सायफर, हॅश आणि आकडा फाइलच्या नावातच लिहा.
स्क्रिप्ट यशापयश एक्झिट कोडवरून (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) ठरवू दे, पण आधी 'सेट -ओ पाइपफेल' हवंच, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी कळेल. नाहीतर बॅश (स्क्रिप्ट चालवणारा शेल) पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच कोड देतो. डम्प मध्येच मेला तरी ओपनएसएसएल अर्धवट डम्प इमानदारीत एन्क्रिप्ट करून शून्य परत करतं. रिस्टोअर तपासताना शेवटच्या ओळीत 'डम्प कम्प्लीटेड' दिसलंच पाहिजे.

प्रश्नकर्ता:
एमडी५ ने उघडल्या, आभार. पण ब्लोफिश या जुन्या सायफरमधल्या काही फाइल 'अनसपोर्टेड' म्हणतात.

उत्तर १:
३.० मध्ये ब्लोफिश लेगसी प्रोव्हायडरमध्ये (जुन्या सायफरचा वेगळा लोड करायचा संच) गेलं. '-प्रोव्हायडर लेगसी -प्रोव्हायडर डिफॉल्ट' असे दोन्ही द्या. नुसतं लेगसी दिलं तर डिफॉल्ट आपोआप लोड होत नाही, मग एमडी५ च सापडत नाही. '-एमडी एमडी५' इथेही लागेल. उघडल्यावर त्या फाइल जीपीजीने (एन्क्रिप्शनचं दुसरं टूल) पुन्हा एन्क्रिप्ट करा. तिथे सायफर आणि हॅशची नोंद फाइलमध्येच राहते, आणि मजकुरात फेरफार झाला तर तेही कळतं. सीबीसीमध्ये ते कळत नाही. नव्या फाइलचा रिस्टोअर दुसऱ्या मशीनवर करून बघितल्यावरच जुन्या काढा.